वार्निश वाळेपर्यंत

वाइंडिंगच्या दुकानात इतके किस्से कसे साठतात, असं मला लोक विचारतात. कारण अगदी साधं आहे. वार्निश वाळायला वेळ लागतो!

कुणाचा पंखा जळतो, कुणाची पंपाची मोटार, कुणाचा मिक्सर. लोक ते घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही आतली जळकी तार उपटून काढतो, नवी तांब्याची तार वळतो, लोखंडाच्या खाचांत बसवतो, दोऱ्याने बांधतो आणि वरून वार्निश ओततो. की लगेच गिऱ्हाईक उठून उभं! "नेऊ का?" नाही, नेता येत नाही. वाळू दे, बसा जरा. आता बाकावर बसलेला माणूस मोबाइल तरी किती वेळ बघणार? थोड्या वेळाने तो बोलायला लागतो. आणि रत्नागिरीचा माणूस एकदा बोलायला लागला की वार्निश वाळलं तरी उठत नाही.

साळवी स्टॉपच्या अलीकडे आमचं दुकान आहे. दुकानात आम्ही तिघं. भाऊ हे मालक. मूळचे खेडकडचे, आता सत्तरीला टेकलेत, पण कुणी 'आता आराम करा' म्हटलं की त्याच्याशी दोन दिवस बोलत नाहीत. मुमताज राजिवड्याची. हात आणि जीभ दोन्ही सारख्याच वेगाने चालतात. आणि तिसरी मी, संजीवनी. आयटीआयला वायरमनचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी होते. नोकरीसाठी भाऊंकडे आले तर त्यांनी सर्टिफिकेट बघितलंच नाही. म्हणाले, "हात दाखव." मला वाटलं भविष्य सांगतात की काय! तर त्यांनी बोटं चाचपली आणि म्हणाले, "बोटं बरी आहेत. उद्यापासून ये." त्याला आता सतरा वर्षं झाली.

* * *

आमच्या दुकानात एकच नियम आहे. वेढे मोजत असलेल्या माणसाशी बोलायचं नाही.

वाइंडिंग मशीन म्हणजे काय, तर एक हँडल, त्यावर लाकडाचा फर्मा. हँडल फिरवायचं, फर्म्यावर तारेचे वेढे पडत जातात. वेढे मोजायला मशीनला काटा असतो. आमच्या मशीनचा काटा कधीच मोडलाय आणि भाऊ नवा बसवू देत नाहीत. "काट्यावर विसंबलं की डोकं आळशी होतं," म्हणतात. त्यामुळे सगळी मोजणी मनात. एक वेढा चुकला, तर कॉइल पुन्हा पहिल्यापासून.

एकदा मी अशीच मोजत बसले होते. मुमताज समोर, तोंडात दोरा. भाऊ चहाला गेलेले. तेवढ्यात एक गृहस्थ आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. दुकानात कुणी ढुंकून बघत नाही म्हटल्यावर त्यांनी जरा मोठ्यानेच विचारलं, "ओ मॅडम, किती वाजले?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तीनशे बारा!"

ते बिचारे माझ्याकडे बघत राहिले. मग मनगटावरचं स्वतःचं घड्याळ बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

मुमताजने दातांतला दोरा ओठांच्या कडेला सरकवला आणि म्हणाली, "साहेब, आमचं घड्याळ जरा पुढे आहे!"

* * *

तारेची जाडी मोजायला आमच्याकडे गेज असतो. जेवढा आकडा मोठा, तेवढी तार बारीक. भाऊंना तो गेज लागत नाही. तार अंगठा आणि तर्जनीत धरतात, डोळे मिटतात, आकडा सांगतात. मी कितीतरी वेळा गेज लावून खात्री करून बघितली. कधी चुकले नाहीत.

पण ही सवय त्यांना सोडत नाही. सुतळी असो, शिवणाचा दोरा असो, नाहीतर दाताचा फ्लॉस असो, आधी चिमटीत धरणार!

ईदला मुमताज दरवर्षी दुकानात शिरखुर्मा आणते. यंदा वाटी हातात दिली तर भाऊंनी आधी चमच्याने एक शेवई उचलली, चिमटीत धरली, डोळे मिटले.

"तीस गेज."

मुमताज म्हणाली, "भाऊ, खा आता!"

भाऊंनी शेवई तोंडात टाकली, चघळली आणि मान डोलावली. "हां. आणि इन्सुलेशन साजूक तुपाचं!"

* * *

पटवर्धन काका बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांच्या हाती इंटरनेट लागलं. आमच्याकडे आले तेव्हा त्यांना पंखा दुरुस्त करायचा नव्हता. फक्त तार विकत हवी होती. "व्हिडिओ बघितलाय मी. त्यात काही एवढं नाही."

आता आम्ही सतरा-सतरा वर्षं जे करतोय, त्यात 'काही एवढं नाही' म्हटल्यावर मुमताजच्या भुवया कुठे गेल्या असतील, तुम्हीच ठरवा. पण भाऊंनी तार दिली. एवढंच नाही, बांबूची कामटीसुद्धा फुकट दिली. खाचेत तार दाबायला लोखंडी वस्तू वापरली तर तारेवरचा मुलामा खरवडला जातो, म्हणून बांबू.

आठ दिवसांनी काका पंख्यासकट हजर. खरं सांगते, काम बघायला मुमताजसुद्धा जागेवरून उठून आली. एक वेढा वाकडा नव्हता. दोऱ्याच्या गाठीसुद्धा एका ओळीत!

"छान झालंय की, काका. मग अडलं कुठे?"

"अडलं काही नाही. दाखवायला आणलाय."

आम्ही लावून बघितला. पंखा सुरेख फिरला. फक्त उलटा! खाली वारा नाहीच, सगळा वर छताला.

मी म्हटलं, "काका, दोन तारांची अदलाबदल करायला हवी. पाच मिनिटांत करून देते."

काकांचा चेहरा उतरला, पण एक क्षणच. लगेच ताठ झाले. "नको. हे मुद्दाम केलेलं आहे. वारा वर जातो, छतावरून भिंतीकडे वळतो आणि चारी बाजूंनी सावकाश खाली येतो. अंगावर थेट वारा घेणं आरोग्याला चांगलं नसतं." आणि पंखा काखोटीला मारून गेले.

दुसऱ्या आठवड्यात काकू एकट्याच रिक्षातून उतरल्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "हे पावसला गेलेत. संध्याकाळी येतील. तेवढ्यात हा पंखा सरळ करून द्या बाई. आणि त्यांना कळू देऊ नका, इतकं मन लावून केलंय हो त्यांनी."

मी दोन तारा बदलल्या. काकू निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी पटवर्धन काका दुकानात आले ते हसतच. बाकावर बसायच्या आधीच सुरू झाले.

"बघितलंत? मी काय म्हटलं होतं? वर गेलेल्या वाऱ्याला भिंतीवरून खाली यायला वेळ लागतो. आता यायला लागलाय!"

* * *

नाटे बंदरातून एक तांडेल आला. मासेमारीच्या बोटीवरचा मुख्य माणूस तो. खांद्यावर बोटीचा डायनॅमो, गोणपाटात गुंडाळलेला. मिठाच्या हवेने आतलं वाइंडिंग पार हिरवं पडलेलं. बोट धक्क्याला उभी, खलाशी बसून, चार दिवसांत समुद्रात जायलाच हवं होतं.

भाऊंनी डायनॅमो उघडला, बघितला आणि माझ्याकडे सरकवला. तांडेल एकदम पुढे झाला.

"भाऊ, तुमीच करा. बायकांच्या हातचं वाइंडिंग नको. मशीन दर्यात बंद पडली तर?"

भाऊ म्हणाले, "माझे डोळे आता बारीक तारेला चालत नाहीत. ह्या दोघीच करतात."

"तरी पन तुमीच करा!"

मला असं ऐकायची सवय झालीय. पण मुमताजने हातातली पक्कड खाली ठेवली. अगदी गोड आवाजात विचारलं, "दादा, बोटीवर नाव कुणाचं लिहिलंय?"

"माज्या आवशीचं. म्हंजे आईचं."

"मग त्यांनाच विचारा ना, चालतंय का!"

आम्हाला वाटलं, माणूस आता भडकणार. पण तो खरंच गंभीर झाला. फोन काढला, दुकानाबाहेर गेला. रस्त्यापलीकडे उभा राहून बराच वेळ बोलत होता. बोलत कसला, ऐकतच होता! मधूनमधून नुसती मान हलत होती. परत आला तेव्हा नजर जमिनीकडे.

"काय म्हणाल्या?" मुमताजने विचारलं.

"आई म्हनाली, गप त्यांच्या हातात दे." तो थांबला. मग कान खाजवत म्हणाला, "आनि इचारलान, तिचा मिक्सर दोन वर्सं बंद हाय, तो कदी आनू?"

* * *

हा माझ्याच घरचा. दिवसभर कॉइलची टोकं एकत्र पिळायची, त्यावर रंगीत नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवायची, दोऱ्याने आवळून बांधायचं. हात ते काम आपोआप करतात.

मुलीची शाळेची घाई होती. मी तिची वेणी घालत होते आणि मनात कालच्या पंपाचा विचार. वेणी झाली, शेवट आवळला आणि मी फळीवर हात फिरवत काहीतरी शोधायला लागले.

"काय शोधतेस? रिबन माझ्या हातात आहे," मुलगी म्हणाली.

"अगं, पिवळी स्लीव्ह कुठे ठेवली मी?"

ती वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, मी मोटार नाहीये!"

* * *

सुर्वे हे आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा मुलगा ओंकार मुंबईला नोकरी करतो, पंचविशीचा आहे. शिमग्याला घरी आला होता, तो दुकानात आला. खिशातून एवढीशी वस्तू काढून भाऊंच्या तळहातावर ठेवली. तारेची कॉइल, पण किती लहान! तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी.

"काका, अशी करून मिळेल? निक्रोमची आहे."

निक्रोम म्हणजे हीटरची तार. करंट दिला की तापते. इस्त्रीत असते, शेगडीत असते. पण एवढी छोटी शेगडी आम्ही कधी बघितली नव्हती.

"कसला हीटर हा?" भाऊंनी विचारलं.

ओंकार जरा अडखळला. "वाफेचं मशीन आहे, काका. छोटं. वाफ घ्यायचं."

भाऊंचा चेहरा एकदम मवाळ झाला. त्यांच्या वडिलांना दमा होता. म्हणाले, "बस. आत्ता करून देतो."

सत्तरीचा माणूस, पण त्या दिवशी काय हात चालला! जाड भिंगाचा चष्मा चढवला. तीन मिलिमीटरचं ड्रिलचं बिट घेतलं. त्याच्या गुळगुळीत दांड्यावर तारेचं टोक अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने तार ताणून सहा वेढे घेतले, वेढ्याला वेढा चिकटून. तार सैल सोडली तर वेढे उमलतात, म्हणून ताण शेवटपर्यंत तसाच ठेवला. मग दोन्ही टोकांना थोडा करंट दिला. कॉइल लाल झाली, पण एका बाजूने आधी. भाऊंनी करंट काढला, चिमट्याने वेढे हलकेच दाबले, पुन्हा दिला. तिसऱ्या खेपेला सगळे वेढे मध्यापासून दोन्हीकडे एकाच वेळी उजळले. अगदी सारखे! आम्ही दोघी हातातलं काम सोडून बघत होतो. भाऊंनी तशा पाच केल्या. "वाफ वेळेवर घेत जा," असं बजावून दिल्या.

पुढच्या आठवड्यात बाजारात त्यांना सुर्वे भेटले. भाऊंनी आपुलकीने विचारलं, "ओंकारचा दमा कसा आहे?"

"कसला दमा?"

दुसऱ्या दिवशी सुर्वे दुकानात आले. चेहरा लालबुंद. खिशातून एक चपटं, चकचकीत यंत्र काढून टेबलावर आपटलं. "ही बघा त्याची वाफ! दमा नव्हता, आता होईल! बंदी आहे या असल्या सिगारेटींवर, आणि हा घरात बसून ओढतोय!"

भाऊंनी यंत्र उचललं, नाकाशी नेलं आणि चमकले. "स्ट्रॉबेरी?"

सुर्वे मग बराच वेळ बोलत होते. ओंकार संध्याकाळी खाली मान घालून आला, उरलेल्या कॉइली परत करून गेला. "चुकलो, काका," एवढंच म्हणाला. भाऊ त्याला रागावले, पण दोनच वाक्यं. खरं तर त्यांना वेगळंच काहीतरी लागलं होतं. तो गेल्यावर एक कॉइल चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात फिरवत राहिले.

मी म्हटलं, "जाऊ दे ना, भाऊ. तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"ते नाही गो, संजू," भाऊ म्हणाले. "आयुष्यात याच्याहून सुबक कॉइल वळली नाही मी. आणि कुणाला दाखवायची सोय नाही!"

* * *

वार्निश वाळवायला आमच्याकडे लाकडाची पेटी आहे, आत मोठे बल्ब लावलेले. पंख्यांचे गाभे आत ठेवायचे, झाकण लावायचं. गेल्या मे महिन्यात लाइनचं काम निघालं आणि सलग तीन दिवस वीज दुपारभर गायब. पेटी थंड. बारा पंखे वार्निश पिऊन तसेच ओले. आणि उन्हाळ्यात पंख्यासाठी लोक किती शांत असतात, तुम्हाला माहीतच आहे!

भाऊ म्हणाले, "ऊन आहे ना फुकट? सड्यावर नेऊ."

टेंपो केला आणि आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, गेलो. तिथला कातळ दुपारी इतका तापतो की चपलेतून चटका बसतो. त्यावर बाराही पंख्यांचे गाभे ओळीने मांडले. गोल, काळे, जड, प्रत्येकातून लाल, पिवळ्या, निळ्या तारा बाहेर आलेल्या. आम्ही तिघं लांब काजूच्या सावलीत डबे उघडून बसलो.

तेवढ्यात एक गाडी थांबली. घाटावरचे पर्यटक असावेत. समुद्राचा फोटो काढायला उतरले आणि फोटो न काढताच पळत गाडीत बसले. आम्हाला वाटलं, ऊन लागलं असेल.

थोड्या वेळात पोलिसांची जीप आली. दोन हवालदार उतरले. एकाने हात पसरून रस्ता अडवला, "कोणी पुढे यायचं नाही! मोबाइल बंद करा!" खालचा नारळपाणीवाला गाडी टाकून पळाला. मुमताजचा घास हातातच राहिला. भाऊ उठून ओरडले, "अहो, ते पंखे आहेत!" पण वारा समुद्राकडून, त्यांना काही ऐकू गेलं नसावं.

दुसरा हवालदार, जरा वयस्क, पोट सुटलेला, दांडा पुढे धरून एक-एक पाऊल टाकत त्या ओळीकडे निघाला. धाडसी माणूस, मानलं पाहिजे. पहिल्या गाभ्यापाशी वाकला. दुसऱ्यापाशी वाकला. आम्ही प्रत्येकावर चिकटपट्टी लावून मालकाचं नाव लिहितो. तो नावं वाचत पुढे सरकायला लागला. सातव्यापाशी थांबला. दांडा खाली टाकला. ताठ उभा राहिला आणि इतक्या जोरात ओरडला की वाऱ्यालाही ऐकू गेलं असेल.

"अरे, हा आमच्या हॉलचा पंखा!"

आम्ही धावतच गेलो. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. भीती गेली होती आणि तिच्या जागी राग आला होता.

"तीन वेळा फोन केला मी तुम्हाला! तिन्ही वेळा एकच उत्तर, वार्निश वाळतंय, वार्निश वाळतंय!"

भाऊंनी शांतपणे कातळाकडे बोट केलं. "मग? वाळतंय की!"

* * *

आता शेवटचा सांगते. हा आम्ही तिघंही बाहेर फारसा सांगत नाही.

लांज्याकडच्या एका गावातून बाप-लेक आले. मुलगा विलास, पन्नाशी ओलांडलेला, मुंबईला एका कचेरीत क्लार्क. चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला. वडील आबा, पंच्याऐंशीच्या पुढचे. पांढरा सदरा, हातात काठी, कान तिखट. पोफळीच्या बागेतल्या पंपाची मोटार बंद पडली होती आणि आबांना दुरुस्ती डोळ्यांसमोर व्हायला हवी होती.

विलास बाकावर बसून फोनवर मुलीला झापत होता. तिला गणितात कमी मार्क पडले होते. "आमच्या वेळी असलं चालत नव्हतं! मी तुझ्या वयाचा असताना..." वगैरे. आबा ऐकत होते. फोन संपल्यावर आमच्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "हा खरंच हुशार. याच्यासाठी मी एकदाच आयुष्यात भांडलो."

मुमताजला भांडण म्हटलं की राहवत नाही. "कुणाशी, आबा?"

"शाळेतल्या गुरुजींशी. हा सातवीला. सहामाहीचं प्रगतिपुस्तक सगळ्यांना मिळालं, याला नाही. हा म्हणाला, गुरुजींनी दिलंच नाही. मी गेलो शाळेत. गुरुजी म्हणाले, मी याच्या हातात दिलंय. मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, माझा मुलगा खोटं बोलत नाही, तुम्ही बोलता! त्या दिवसापासून त्यांच्याशी शब्द नाही. वरच्या वाडीत राहतात. आता नव्वदीला आले असतील. समोरून आले तर मी वाट बदलतो."

"कशाला जुनं काढता, आबा," विलास म्हणाला. त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं.

मी मोटार उघडली होती. वाइंडिंग एका बाजूलाच जळलेलं. लोखंडाच्या खाचेत तार घालायच्या आधी जाड कागदाची पट्टी बसवावी लागते, म्हणजे तार लोखंडाला लागत नाही. त्यासाठी वेगळा कागद मिळतो. मी तार ओढून काढत होते आणि पट्ट्या बाजूला टाकत होते. सोळा खाचांत तो नेहमीचा कागद निघाला. उरलेल्या आठ खाचांत काहीतरी दुसरंच. वार्निश पिऊन तपकिरी आणि कडक झालेलं पुठ्ठ्यासारखं.

"हे कुणी भरलं होतं हो, आबा?"

"गावातच एक जण करायचा तेव्हा. परतीच्या पावसाने रस्ता बंद, त्याच्याकडचा कागद संपला. विलास म्हणाला, मी आणतो जाड कागद. धावत जाऊन घेऊन आला. तेव्हापासून तीच मोटार चालू आहे बघ!"

मुमताजने एक पट्टी उचलली, फडक्याने पुसली आणि उजेडात धरली. मग दुसरी पुसली. मग आठही पट्ट्या टेबलावर एकीशेजारी एक लावल्या. मी वाकून बघितलं. छापील रेघा होत्या. रेघांमध्ये निळ्या शाईचे आकडे.

मी विलासकडे बघितलं. तो उठून उभा राहिला होता. चेहरा पन्नाशीच्या माणसाचा राहिलाच नव्हता, सातवीतल्या पोराचा झाला होता.

मी पट्ट्या गोळा करायला हात पुढे केला, पण त्याच्या आधी आबांची काठी टेबलाला टेकली.

"राहू दे, पोरी."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. बोट ठेवून एक-एक ओळ वाचायला लागले. भाऊ मशीनचं हँडल धरून थांबले होते.

"मराठी, बासष्ट. इतिहास, चौपन्न." बोट खाली सरकलं आणि थांबलं. "गणित, एकोणीस."

"आबा..." विलास म्हणाला. "आबा, मी घाबरलो होतो. तुम्ही शाळेत जाल असं मला वाटलं नव्हतं. आणि मग तुम्ही भांडून आलात, त्यानंतर कसं सांगणार..."

आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे हात केला. "पेन आहे का?"

मी पेन दिलं. ते पट्ट्यांवर वाकले, बराच वेळ शोधत राहिले.

"सही कुठं करायची रे?"

विलासने शेवटच्या पट्टीवरची रिकामी रेघ दाखवली. आबांनी टेबलावर कोपर टेकलं आणि सावकाश, एक-एक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं. शाईवर फुंकर मारली. आठही पट्ट्या एकावर एक रचून रुमालात गुंडाळल्या, काठी घेतली आणि दारापर्यंत जाऊन मागे वळले.

"सही झाली की गुरुजींकडे परत द्यायचं असतं ना हे? काढ गाडी."